सहा माणसं, एक कॉम्प्युटर

पहाटे साडेपाच

जुलै संपत आला की पीक विम्याचं पोर्टल फक्त पहाटेच माणसात असतं. दहा-अकरा वाजले की अख्खा महाराष्ट्र त्यावर बसतो, पडद्यावर नुसतं चाक फिरत राहतं आणि मोबाइलवर ओटीपी येईपर्यंत पान बंद पडलेलं असतं. म्हणून या दिवसांत धाराशिवच्या तांबरी विभागातल्या आमच्या घरात आधी कॉम्प्युटर उठतो, मग चहा.

भाऊजींची शेती तेरकडं आहे. सोयाबीन, थोडा उडीद. त्यांचे कागद रात्रीच एका फोल्डरात लावून ठेवलेले असतात: सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान, पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. फार्मर आयडी, गट नंबर, आयएफएससी कोड असले सगळे आकडे एका नोटपॅडात. पोर्टल उघडल्यावर शोधाशोध करायची नाही, तिथून उचलायचं आणि इथं चिकटवायचं. खरा वेळ फॉर्म भरण्यात जातच नाही, पासबुक कोणत्या पिशवीत आहे ते शोधण्यात जातो.

सातबाऱ्याचं एक सांगते. महाभूमीवरून डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत थेट पीडीएफ मिळतो. लोक त्याची प्रिंट काढतात, त्या प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढतात आणि फोटोचा पुन्हा पीडीएफ करतात. मूळ फाइल काहीशे केबीची, हा फोटो काही एमबीचा, वर अक्षरं पुसट. पोर्टल ती फाइल नाकारतं तेव्हा शिव्या सरकारला पडतात. जे पीडीएफ म्हणून आलं ते पीडीएफ म्हणूनच पुढं जाऊ द्यावं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावं, मध्ये मोकळी जागा सोडू नये. काही पोर्टलांना देवनागरी नाव दिसलं की ती अडून बसतात, आणि कारणही सांगत नाहीत.

२०२३ मध्ये एक रुपयात विमा सुरू झाला तेव्हा लोक हसत फॉर्म भरत होते. २०२५ पासून शेतकऱ्याला पुन्हा हप्ता भरावा लागतो, त्यामुळं चुकीच्या एका आकड्याची किंमतही वाढली. पावती आली की कंट्रोल-पी दाबून प्रिंटरच्या यादीतलं ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडते. कागद लागत नाही, पावती कायमची राहते. नावात आधी वर्ष, मग महिना, मग तारीख. असं केलं की फोल्डरातल्या फाइली आपोआप काळाच्या ओळीत उभ्या राहतात.

सात

आता यांची पाळी. हे जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत, आणि शिकवण्याइतकाच वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. यू-डायस प्लसमध्ये एका पोराच्या आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळेना गेलंय, त्याची काहीतरी लढाई चालू आहे.

आमच्याकडं प्रत्येकाचं विंडोजमध्ये वेगळं खातं आहे. या घरात कॉम्प्युटरसाठी केलेलं सगळ्यात उपयोगी काम मी हेच समजते, आणि त्याला एक रुपया लागत नाही. यांची शाळा यांच्या डेस्कटॉपवर, लेकीचा अभ्यास तिच्या, पोराचे खेळ त्याच्या. माझ्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार, बाकी सगळे साधे वापरणारे. नवं काही बसवायचं तर माझा पासवर्ड लागतो. पोरगं म्हणतं, आई हुकूमशहा आहे. म्हणू दे. फुकट खेळाच्या नावाखाली काय काय येऊन बसतं ते त्याला अजून कळायचं आहे. ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअरं तर आमच्या उंबऱ्यात येत नाहीत. पत्रं आणि तक्ते करायला लिब्रेऑफिस फुकट मिळतं आणि त्याचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात.

यांनी दोन पानं छापली. आमचा प्रिंटर शाईचा आहे. शाईच्या प्रिंटरची एक खोड असते: वापरला नाही की त्याच्या नळ्या सुकतात आणि मग साफ करण्यातच निम्मी शाई जाते. आठवड्यातून एक रंगीत पान काढलं तरी तो ठीक राहतो. पोराचं चित्रकलेचं काहीतरी असतंच, ते त्या खात्यावर खपतं.

साडेआठ ते दहा

डबे, नळ, भांडी. कॉम्प्युटर झोपलेला. स्लीपमध्ये तो जेमतेम काही वॅट घेतो, म्हणून दिवसभरात पुन्हा पुन्हा बंद-चालू करत नाही. खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एवढं मात्र दाबते. पडद्याला कुलूप.

दहा

माझं स्वतःचं काम आता सुरू होतं: मराठी टायपिंग. वकिलांचे मसुदे, बचत गटांचे अहवाल, कुणाची कवितांची वही. एमएस-सीआयटी केलं तेव्हा वाटलं होतं की सगळं शिकून झालं. प्रत्यक्षात रोजचा वेळ वाचवणाऱ्या गोष्टी हाताशी हळूहळू येतात. विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजीतून मराठीत. इनस्क्रिप्टची सवय बसली की डावा हात स्वर सांभाळतो, उजवा व्यंजनं, आणि कीबोर्डकडं बघावं लागत नाही. विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या पंचवीस गोष्टींची यादी समोर येते. गावाचं नाव, तालुका, पिन कोड असलं पुन्हा पुन्हा लागणारं मी तिथं टाचणी मारून ठेवते. कुणाचा आधार नंबर मात्र कधीच टाचत नाही, काम झालं की यादी पुसते.

आज एका संस्थेचा जुना अहवाल आलाय. उघडला तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. श्रीलिपीत टाइप केलेला. ज्यांनी नव्वदच्या दशकापासून मराठी टाइप केलं त्या प्रत्येकाच्या घरी अशी एक तरी पेटी असते. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असे फॉन्ट ज्या मशीनवर आहेत तिथंच ते मराठी दिसतं, कारण आत साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे जगभर ‘क’ असतो. म्हणून असल्या फाइली कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करायच्या. जोडाक्षरं आणि रफार तुटतात, ते हातानं नीट करायचे, आणि मूळ फाइल पुसायची नाही. कंटाळवाणं काम आहे. पण एकदा केलं की त्या मजकुरात शोधता येतं, आणि तो मोबाइलवरसुद्धा वाचता येतो.

बारा

शेजारच्या वहिनी दारातून, “अगं, माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय म्हणायलंय बघ. पाच-पाच व्हायरस. फोन नंबर बी दिलाय.”

बघायला गेले. उजव्या कोपऱ्यात खालून लाल पाट्या वर येत होत्या: धोका, तुमची फाइल जाणार, लगेच इथं दाबा. व्हायरस एकही नव्हता. कधीतरी कुठल्या तरी साइटनं विचारलं असणार, सूचना पाठवू का, आणि वहिनींनी ‘अलाऊ’ दाबलं असणार. तेव्हापासून ती साइट रोज जाहिराती ढकलतेय, आणि त्या विंडोजच्या स्वतःच्या सूचनांसारख्या दिसतात. इलाज दोन मिनिटांचा: क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथं साइट सेटिंग्ज, तिथं नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसते. ओळखीची नाही ती प्रत्येक काढून टाकली. पाट्या थांबल्या.

घरोघरच्या कॉम्प्युटरची दुखणी बघत गेलं की असंच दिसतं. खरा आजार क्वचित, परवानग्याच फार. कुणीतरी घाईत ‘हो’ म्हटलेलं असतं.

त्या पाटीवरच्या नंबरला फोन केला असता तर पलीकडचा माणूस गोड बोलून पडदा शेअर करायचं ॲप बसवायला लावतो, आणि मग बँकेचं पान उघडायला सांगतो. पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, आणि तोही लगेच, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आला तरच परत मिळायची आशा असते. वहिनींनी नंबर फ्रिजवर चिकटवून घेतला.

त्यांच्या मशीनवर दोन अँटिव्हायरस होते. दोन ठेवले की ते एकमेकांवरच संशय घेतात आणि मशीन कण्हायला लागतं. एक पुरे. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर नीट अपडेट होत असेल तर घरच्या वापराला तोही चालतो. विकतच घ्यायचा तर आपल्या पुण्याचा क्विक हील आहे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून वर आलेले कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी तो नव्वदच्या दशकात उभा केला. मात्र मुदत संपलेला अँटिव्हायरस ठेवून निर्धास्त राहणं वाईट. वहिनींचा एक तसाच होता, दोन वर्षांपासून.

दीड

लाईट गेली. वारं सुटलंय, कुठंतरी फांदी तारेवर आली असेल.

यूपीएस टूं टूं करतो. आमचा सहाशे व्हीएचा आहे, आत बारा व्होल्टची छोटी बॅटरी. नवा असताना पंधरा मिनिटं सहज काढायचा. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. मग लाईट गेली की यूपीएससुद्धा तिच्याबरोबर जातो, आणि लोक म्हणतात यूपीएस खराब झाला. बॅटरी तेवढी बदलावी. पंधरा मिनिटं काम पुढं ओढायला नसतातच, फाइल जतन करून नीट बंद करायला असतात. प्रिंटर यूपीएसवर लावत नाही, त्यातून लेझर असेल तर मुळीच नाही. तो तापताना इतका विजेचा झटका ओढतो की छोटा यूपीएस बसतोच.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं एक बटण बघा, यूपीएस मोडचं. पंख्यांच्या साध्या मोडमध्ये लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा क्षण कॉम्प्युटरला पुरेसा लांब असतो, तो बंद पडतो. बटण दुसरीकडं केलं की बदल इतक्या झटकन होतो की त्याला कळत नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार कुणाकुणाच्या घरी ऐकते. तो कॉम्प्युटरचा दोष नसतो. भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसतं. वायरमनला बोलवायचं, दुकानदाराला नाही. आणि वळवाच्या पावसात, ढग कडाडायला लागले की प्लग भिंतीतूनच काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही सोडवायची. वीज त्या वाटेनंही येते.

तीन

लाईट आली. आज महिन्याची साफसफाई.

आधी बाहेरची. उन्हाळ्यात खिडकीतून आलेली माती पंख्याच्या पात्यांवर थर धरून बसलेली असते. कॅबिनेटची बाजू उघडून, प्लग काढून, मऊ ब्रश आणि हवेचा छोटा पंप. पंखा बोटानं अडवून धरायचा, नाहीतर हवेनं तो गरगर फिरतो आणि बेअरिंग जातं. आत ओलं फडकं नाही. पावसाळ्यात मुंग्या येतात, पाली येतात. मागच्या मोकळ्या खाचेवर पट्टी लावून टाकली आहे. आत गरम होत असेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, आणि आपण म्हणतो मशीन जुनं झालं.

मग आतली. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप असं एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ची यादी असते: मशीन चालू होताना कोण कोण न बोलावता येऊन बसतं त्याची. आमच्याकडं एकदा अकरा मंडळी होती, प्रिंटरचा मदतनीस, गाण्याचं ॲप, दोन मीटिंगची ॲपं. आता तीन. त्यांना काढून टाकलेलं नाही. हाक मारली की येतात, एवढंच.

सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये कुणी किती जागा खाल्ली ते पट्टीवर दिसतं. दर वेळी गुन्हेगार एकच: डाउनलोड्स. व्हॉट्सॲपवरून आलेले लग्नाचे व्हिडिओ, तोच व्हिडिओ तीनदा. ड्राइव्हची पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असली की मशीन मोकळा श्वास घेतं.

जुनं मशीन हळू चालतं म्हणून नवं घ्यायच्या आधी आत फिरणारी हार्ड डिस्क आहे का ते बघावं. तिच्या जागी एसएसडी टाकली की जुना कॉम्प्युटर वेगळाच वाटायला लागतो. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी एसएसडी पाचशेच्या आसपास. पण खरा फरक त्या आकड्यात नाही. विंडोजला सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, आणि हार्ड डिस्कची सुई प्रत्येकीसाठी हलावी लागते. एसएसडीत हलणारं काहीच नसतं.

एक प्रश्न मात्र ब्रशनं सुटणारा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. आमचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेल साधारण आठव्या पिढीपासून बसतो. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा मिळते, ती आम्ही घेतली आहे. पुढं काय? चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायला मन होत नाही. यूट्यूबवर बघून नियम चुकवत विंडोज ११ बसवणारे आहेत, पण बँकेचं काम चालतं त्या मशीनवर मी तसं करणार नाही. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, चालवून पाहिलं. ब्राउझर, छपाई, मराठी टायपिंग, सगळं झालं. अडलं ते एकाच ठिकाणी, आणि ती गोष्ट संध्याकाळी साडेसातला येते.

साडेपाच

लेक बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरते आहे. फोटो वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस केबी. मोबाइलवरच्या फोटोला हे सांगणं म्हणजे हत्तीला उंदराच्या बिळातून जा म्हणणं. मैत्रिणी कुठल्याशा साइटवर फोटो चढवून लहान करून घेतात. तिला सांगितलं, आपली सही आणि चेहरा अनोळखी साइटला द्यायची गरज नाही. घरचाच पेंट उघड, कंट्रोल-डब्ल्यू दाब, पिक्सेलमध्ये माप कमी कर, जेपीजी म्हणून जतन कर. दोनदा खालीवर केलं की बसतं. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं, उजेडात.

पोराचा तास सहा ते सात. वेळेची मर्यादा मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीत लावली आहे, त्यामुळं भांडण माझ्याशी नाही, मशीनशी होतं.

साडेसात

मामा खुर्चीत. जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेत. हात अजून टाइपरायटरवरचाच, प्रत्येक अक्षराला ठोका. घराण्याचा इतिहास, गावातल्या जुन्या विहिरींची यादी, तेरच्या गोरोबाकाकांच्या वारीच्या आठवणी असं कितीतरी त्यांनी श्रीलिपीत टाइप करून ठेवलंय. अडलेली गोष्ट हीच. ते सगळं युनिकोड झाल्याशिवाय या मशीनवरून विंडोज हलवता येणार नाही. रोज दोन पानं मी बदलते, मामा तपासतात. “रफार उडालाय,” असं समाधानानं सांगतात. चूक सापडल्याचा आनंद त्यांना मजकुरापेक्षा जास्त होतो.

त्यांच्यासाठी पडद्यावरची अक्षरं सव्वाशे टक्के मोठी केली आहेत. पासवर्ड त्यांनी वहीत लिहिलेत, वही कपाटात. त्याला हसणारे हसोत. सगळीकडं एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे पासवर्ड वहीत लिहून कुलपात ठेवणं बरं.

आत्यांना कीर्तन लावून दिलं. त्यांना कॉम्प्युटरकडून एवढंच हवं आहे, आणि तो ते विनातक्रार करतो.

साडेनऊ

रोजचं शेवटचं काम, प्रती काढणं. जाणकार सांगतात, महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आमच्याकडं पहिली मशीनमध्ये. दुसरी गूगल ड्राइव्हवर, तिथं पंधरा जीबी फुकट, म्हणून तिथं फक्त कागदपत्रं आणि मामांचं लेखन, व्हिडिओ नाही. तिसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. प्रत झाली की ती सोडवून ठेवायची, कारण फाइलींना कुलूप ठोकून खंडणी मागणारा प्रोग्राम आत शिरला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत जाते.

एक प्रत दुसऱ्या गावी ठेवायची, हे मामांना मी समजावलं नाही, ते त्यांनीच सुचवलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप झाला तेव्हा उमरगा-लोहाऱ्याकडं त्यांची पंचनाम्यांसाठी नेमणूक होती. माणसं उभी होती, घर नव्हतं, आणि घर होतं हे सांगणारा कागदही त्याच ढिगाऱ्याखाली होता. त्यानंतर घरातले मूळ कागद त्यांनी कधी एका छताखाली ठेवले नाहीत.

त्यामुळं डिस्का दोन आहेत, आलटून पालटून. भाऊजी आज विम्याच्या पावतीसाठी आले होते, मुक्कामी राहिलेत. सकाळच्या एसटीनं जाताना एक डिस्क घेऊन जातील, तिथली जुनी पुढच्या खेपेला आणतील. आधारसारखे कागद त्यात पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये आहेत.

डिस्क हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली आणि पिशवीत टाकली. “हिच्यात काय हाय एवढं?”

“तुमचे सातबारे. आणि मामांच्या विहिरी.”

“विहिरी पण?” असं म्हणून त्यांनी ती पिशवीतून काढली आणि बंडीच्या आतल्या खिशात घातली.